भाऊबीजेला सर्व बाद १२१

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. वानखेडेवर सकाळी न्यूझीलंडचा शेवटचा गडी पडायला फार वेळ लागला नाही आणि भारतासमोर आकडा आला १४७. मुंबईत त्या दिवशी निम्मं शहर ओवाळून घ्यायला लोकलमध्ये चढलेलं असतं. त्यामुळे हा पाठलाग पुष्कळांनी ठाण्या-बोरिवलीच्या मध्ये कुठेतरी, शेजारच्याच्या मोबाइलवर मान तिरकी करून पाहिला. रोहित शर्मा ११ : मॅट हेन्रीचा आखूड चेंडू, पुल, चेंडू हवेत, खाली ग्लेन फिलिप्स. शुभमन गिल १ : एजाझ पटेलचा चेंडू सोडून दिला आणि मागे यष्टी वाजली. विराट कोहली १. यशस्वी जयस्वाल ५. सरफराझ खान १. धावफलक ५ बाद २९.

मग ऋषभ पंत एकटा लढला, ६४ केल्या आणि गेला. सर्व बाद १२१. त्यातल्या निम्म्याहून अधिक धावा एकट्याच्या. २५ धावांनी पराभव, मालिका ०-३. भारतात तीन किंवा जास्त कसोटींच्या मालिकेत सगळेच्या सगळे सामने हरण्याची ही पहिलीच वेळ. आणि कुणाकडून? श्रीलंकेत ०-२ मार खाऊन थेट इकडे आलेल्या, केन विल्यमसनशिवाय खेळणाऱ्या न्यूझीलंडकडून. बंगळुरूच्या पहिल्या सामन्याआधी या मंडळींनी भारतात शेवटची कसोटी जिंकली होती ती १९८८ साली, याच वानखेडेवर. ३६ वर्षं एक सामना नाही आणि आता अठरा दिवसांत तीन.

लक्ष्मीपूजनाला सामना सुरू झाला, पाडव्याला पहिल्या डावात २८ धावांची आघाडी मिळाली, भाऊबीजेला दुपारी सगळं आटोपलं. फराळाची चव जायला याहून जास्त काही लागत नाही.

मुंबईच्या माणसाची अडचण मात्र पराभवाहून निराळी होती. बरोबर चार महिन्यांपूर्वी, ४ जुलैला, याच वानखेडेच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. बार्बाडोसहून टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन आलेला संघ उघड्या बसमधून मरीन ड्राइव्हने वानखेडेवर गेला, तेव्हा बसच्या पुढच्या बाजूला करंडक उंचावणारा माणूस, रोहित, बोरिवलीचा होता. म्हणजे जन्म नागपूरचा, पण वाढला बोरिवलीत, काका आणि आजी-आजोबांकडे. दिनेश लाड सरांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत नेलं तेव्हा तो ऑफस्पिन टाकायचा. २०१० मध्ये नागपूरला कसोटी पदार्पण ठरलेलं असताना सामन्याआधीच्या सरावात घोटा दुखावला. मग थेट नोव्हेंबर २०१३. सचिनच्या निरोपाची मालिका, सगळ्या देशाचे डोळे सचिनवर आणि हा कोलकात्यात पहिल्याच कसोटीत १७७ करतो, वानखेडेवर दुसरीत नाबाद १११. सचिनच्या ७४ धावा लोकांना पाठ आहेत. त्याच डावात शतक कुणी केलं हे विचारलं तर चटकन सांगता येत नाही. मुंबईने एक माणूस निरोपाला पाठवला आणि त्याच सामन्यात दुसरा मिळवला, असं आम्ही तेव्हा म्हणत होतो.

अशा माणसाबद्दल बोलायचं म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई इंडियन्सने रोहितकडून कप्तानी काढून हार्दिक पंड्याला दिली, तेव्हा २०२४च्या उन्हाळ्यात घरच्या मैदानावर घरच्याच कप्तानाची हुर्यो वानखेडेने उडवली. पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्याला असं बाजूला करतात का, हा प्रश्न होता. संघ त्या वर्षी चौदापैकी चार सामने जिंकून तळाला गेला, तर त्याचाही थोडासा आसुरी आनंद काहींना झालाच. तेच लोक, त्याच खुर्च्या, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस १८ आणि ११ करून परत जाताना नक्की काय ओरडायचं ते कुणाला सुचत नव्हतं.

आकडे एकदा सांगून टाकतो. बांगलादेशाविरुद्ध ६, ५, २३, ८. न्यूझीलंडविरुद्ध २, ५२, ०, ८, १८, ११. ऑस्ट्रेलियात ३, ६, १०, ३, ९. पंधरा डाव, १६४ धावा, सरासरी १०.९३. आणि हा माणूस त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध राजकोटला १३१ आणि धरमशालेला १०३ करून बसलेला. म्हणजे हळूहळू ओसरणं वगैरे नाही. गणपती बसण्याआधी ठीक होतं आणि दसऱ्यानंतर पाहिलं तर काहीच शिल्लक नाही, असा प्रकार.

धावा होत नाहीत हे चाहता सहन करतो. सहन होत नाही ती बाद होण्याची तऱ्हा. बंगळुरूत ढगाळ हवा, आदल्या दिवशी पावसाने एक चेंडू पडलेला नाही, आणि टॉस जिंकून आपण फलंदाजी घेतो. रोहित पुढे सरसावत साउदीला मारायला जातो आणि त्रिफळा. सर्व बाद ४६, पाच भोपळे, भारतातली आपली आजवरची नीचांकी धावसंख्या. खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली, हे त्याने त्याच संध्याकाळी कबूल केलं. वानखेडेनंतरही फलंदाज आणि कप्तान या दोन्ही नात्यांनी कमी पडलो असं तो सरळ म्हणाला. हा त्याचा मोठेपणा आहेच. पण दर आठवड्याला मोठेपणा पाहावा लागला की त्याचाही कंटाळा येतो.

आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत. टाइम्स शील्ड खेळलेले, यष्टिरक्षक, त्यामुळे फलंदाजाचे पाय पाहायची सवय. रोहितचा पुल जगात कुणाला मारता येत नाही, असं गेली दहा वर्षं तेच सांगत आले होते. त्या डिसेंबरात ते चहाचा ग्लास बाजूला ठेवून म्हणाले, "हात तसेच आहेत रे. पाय उशिरा निघतायत. चेंडू येऊन जातो आणि मग हा पोचतो." आणि लगेच पुढे, "नारळ द्या आता. आपला असला म्हणून काय झालं!" ब्रिस्बेनला बाद होऊन परतताना रोहितने हातमोजे सीमारेषेबाहेर, फळीच्या मागे टाकले. ते छायाचित्र फिरलं आणि ही निवृत्तीची खूण आहे की काय यावर दोन दिवस देशभर काथ्याकूट झाला. हातमोज्यांवरून भविष्य सांगण्याची पाळी का यावी? तर ज्यांनी सांगायचं ते काहीच सांगत नव्हते, म्हणून.

तिकडे येतोच. आधी खेळपट्टीबद्दल बोललं पाहिजे, कारण त्या हिवाळ्यात सगळा राग रोहित आणि कोहली या दोन नावांवर निघाला आणि तिसरा आरोपी सुटला.

२०१२ साली इंग्लंड आपल्याला आपल्या घरी २-१ने हरवून गेला. त्यातली दुसरी कसोटी वानखेडेवर होती. अहमदाबादला पहिली जिंकल्यावर धोनीला पहिल्या दिवसापासून वळणारी खेळपट्टी हवी होती, तशी ती मिळाली आणि तिच्यावर पानेसर आणि स्वान यांनी मिळून १९ बळी घेतले. पीटरसनने १८६ मारल्या. सचिन दोन्ही डावांत ८, दोन्ही वेळा पानेसर. आपण दहा गडी राखून हरलो. त्यानंतर मायदेशी सलग अठरा मालिका जिंकल्यामुळे हा धडा कुणाच्या लक्षात राहिला नाही. पण अधूनमधून आठवण करून दिली जात होती. २०१७ला पुण्याच्या गहुंज्यात स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले आणि आपण १०५ आणि १०७ करून ३३३ धावांनी हरलो. २०२३ला इंदूरमध्ये मॅथ्यू कुन्हेमन, कारकिर्दीतली दुसरीच कसोटी, १६ धावांत पाच बळी. २०२४च्या जानेवारीत हैदराबादला टॉम हार्टली, पहिलीच कसोटी, दुसऱ्या डावात ६२ धावांत सात. पहिल्या डावात १९० धावांची आघाडी घेऊन आपण २८ धावांनी हरलो.

ही नावं पाहा. यातला एकही बेदी नाही, वॉर्न नाही. चांगल्या खेळपट्टीवर अश्विन-जडेजा आणि हे यांच्यात जे अंतर आहे, ते आखाडा केला की मिटतं. चेंडू हातातून सुटल्यावर बाकीचं काम मातीच करणार असेल तर फिरकीपटूने फक्त टप्पा धरून सरळ टाकत राहायचं. एक वळतो, एक तसाच आत येतो, आणि फलंदाजाला दोन्ही सारखेच दिसतात. बंगळुरूत वेगवान गोलंदाजांनी मारलं म्हणून पुण्याला कोरडी, संथ, वळणारी खेळपट्टी आली. मिचेल सँटनरने त्याआधी कसोटीत एकदाही डावात पाच बळी घेतले नव्हते. गहुंज्यात त्याने ७ आणि ६ घेतले. कोहली त्याच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला, १ धाव. पहिल्या डावात १५६, ११३ धावांनी पराभव आणि बारा वर्षांची मालिका तुटली.

आणि वानखेडेवर एजाझ पटेल. मुंबईत जन्मलेला, आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. २०२१ला याच मैदानावर त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, तेव्हा आपण जिंकलो होतो म्हणून टाळ्या वाजवायला सोपं गेलं. आता पुन्हा पाच आणि सहा. वानखेडेवर दोन कसोटी, २५ बळी. रोहित बोरिवलीचा म्हणून आपला, तर जोगेश्वरीत राहिलेला एजाझ कुणाचा, असा चावट प्रश्न त्या संध्याकाळी कुणीतरी फिरवला होता.

मुंबईचा फलंदाज फिरकी खेळतो, ही आमची जुनी फुशारकी. तिच्यामागे काही कारणं होती. १९४८पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसाळ्यात होते. ओली माती, मध्येच ऊन, चेंडू कधी नाकाशी तर कधी घोट्याशी. त्या चिखलात तीस धावा करणाऱ्याला मैदानावर मान असे, कारण तीस करायला पाय हलवावे लागत. आज कसोटीतला मोठा फलंदाज वर्षाकाठी देशांतर्गत प्रथम श्रेणीचे किती सामने खेळतो? त्या मोसमाआधी रोहित शेवटचा रणजी सामना खेळला होता २०१५ला, कोहली २०१२ला. सप्टेंबर २०२४मध्ये दुलीप करंडकाला बाकी बरेच होते, हे दोघे नव्हते. त्यांना विश्रांती दिली, असं म्हटलं गेलं. पंधरा आठवड्यांत १०.९३ची सरासरी घेऊन येणाऱ्याला विश्रांतीची गरज होती की सरावाची, हे ठरवायला निवड समितीचं सभासद असावं लागत नाही.

निवड समितीबद्दल मुंबईच्या माणसाला एक अवघड आठवण आहे. १९७१च्या जानेवारीत अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत टाकून पतौडींची कप्तानी काढली आणि अजित वाडेकरांना दिली. पतौडी तेव्हा निव्वळ कप्तान नव्हते, तारा होते. त्याच मर्चंटांच्या नावावर ते प्रसिद्ध वचन आहे की लोक 'का?' विचारतात तेव्हा निवृत्त व्हावं, 'का नाही?' विचारेपर्यंत थांबू नये. ते स्वतः शेवटच्या कसोटीत, १९५१ला दिल्लीत, १५४ करून गेले. बोलणं आणि वागणं एक असलेला माणूस. वाडेकरांनी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. तीनच वर्षांनी, १९७४ला, इंग्लंडमध्ये ०-३. लॉर्ड्सवर १७ षटकांत सर्व बाद ४२. परत आल्यावर त्यांना भारताच्याच नव्हे, पश्चिम विभागाच्या दुलीप करंडक संघातूनही डच्चू मिळाला. ते खेळातून निवृत्तच झाले. १९७१च्या नायकाला असं वागवणं क्रूर होतं, याबद्दल आज दुमत नाही. पण तेव्हा 'नाही' म्हणणारा कुणीतरी होता, हे खरं.

तिथून सचिनच्या शेवटच्या तीन वर्षांवर या. जानेवारी २०११ला केपटाउनमध्ये १४६, ते त्याचं शेवटचं कसोटी शतक. त्यानंतर इंग्लंडमध्ये ०-४, ऑस्ट्रेलियात ०-४, आणि मध्ये सगळा देश शंभराव्या शतकासाठी देव पाण्यात ठेवून बसलेला. वानखेडेवर ९४ वर गेला तेव्हा स्टेडियम सुन्न. शतक झालं मार्च २०१२ला मीरपूरला, बांगलादेशाविरुद्ध, आणि तो सामना आपण हरलो. त्या काळात घरात सचिनविरुद्ध बोलायची सोय नव्हती. तेव्हाचे निवड समितीचे अध्यक्ष संदीप पाटील, तेही पुन्हा शिवाजी पार्कचेच, यांनी २०१६ला एका मराठी वाहिनीवर सांगितलं की डिसेंबर २०१२मध्ये आम्ही सचिनला त्याचा विचार विचारला होता आणि तो थांबला नसता तर समितीचं मत ठरलेलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सचिन एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. म्हणजे समिती बोलली, पण बंद खोलीत आणि लोकांना चार वर्षांनी कळेल अशा बेताने.

रोहितच्या वेळी बंद खोलीतही कुणी बोललं असं दिसत नाही. मेलबर्नची कसोटी १८४ धावांनी गेल्यावर ३ जानेवारी २०२५ला सिडनीत टॉसला जसप्रीत बुमराह आला. दुसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी रोहितने प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला स्वतःच सांगितलं : फॉर्म नाही, फॉर्म नसलेले इतके फलंदाज एकत्र खेळवता येत नाहीत, म्हणून मीच प्रशिक्षक आणि निवड समितीच्या अध्यक्षांना म्हणालो की मी बाहेर बसतो. निवृत्त होत नाही हेही ठणकावलं. माइक, पेन किंवा लॅपटॉप घेऊन बसलेल्यांनी माझं ठरवायचं नाही, असा टोलाही हाणला. लॅपटॉपवाल्यांपैकी एक म्हणून मला तो टोला लागला आणि पटलाही. आमच्याइतक्या मोठ्याने कुणी बोलू नये हे ठीक. पण ज्यांना त्याचाच पगार मिळतो त्यांनी गप्प बसावं आणि कप्तानाने स्वतःलाच डच्चू द्यावा, यात संघाची शिस्त कुठे आली? मुंबईच्या मैदानांवर ज्याला खडूसपणा म्हणतात तो त्या दिवशी दाखवला फक्त रोहितने, आणि तोही स्वतःवर.

ती कसोटी आपण हरलो, मालिका १-३ गेली. ३२ बळी घेणारा बुमराह पाठ धरून मैदानाबाहेर गेला.

मग मंडळाने नियम काढला की सर्वांनी देशांतर्गत क्रिकेट खेळायचं. जानेवारीच्या शेवटी रोहित बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरला. ३ आणि २८. गतविजेती, ४२ वेळा रणजी जिंकलेली मुंबई पहिल्या डावात १२० आणि पाच गडी राखून पराभूत. लाज राखली ती शार्दूल ठाकूरच्या अर्धशतकाने आणि शतकाने. आठवड्याने दिल्लीत कोहलीला पाहायला कोटलावर हजारोंच्या रांगा लागल्या, रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा ऑफ स्टंप उडवला आणि बसलेली गर्दी उठून चालू लागली. सामना चालू होता, खेळणारे बावीस होते. तारे हटत नाहीत म्हणून आपण ओरडतो आणि तारा बाद झाला की घरी जातो. मंडळाला दोन्ही आवाज ऐकू येतात, आणि तिकीट कशावर खपतं ते मंडळाला आपल्याहून चांगलं कळतं. त्या मोसमात रणजी जिंकली विदर्भाने, नागपूरला उपांत्य फेरीत मुंबईलाच हरवून. त्याचे लेख किती आले, सांगा.

मार्चमध्ये दुबईला चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहितने ७६ केल्या आणि करंडक आणला. एकदिवसीय सामन्यात पाय वेळेवर निघत होते. ७ मेला त्याने इन्स्टाग्रामवर २८० क्रमांकाच्या टोपीचं छायाचित्र टाकून कसोटी सोडली. ६७ कसोटी, ४३०१ धावा, १२ शतकं. ना शेवटचा सामना, ना सलामी. पाच दिवसांनी कोहलीही गेला. आणि १६ मेला वानखेडेवर रोहित शर्माच्या नावाच्या स्टँडचं अनावरण झालं. त्याच समारंभात दुसऱ्या एका स्टँडला नाव मिळालं अजित वाडेकरांचं. लॉर्ड्सच्या ४२नंतर ज्यांना विभागाच्या संघातही जागा नव्हती त्यांना पन्नास वर्षांनी, मृत्यूनंतर; बंगळुरूच्या ४६नंतर ज्याला कुणी काढलंच नाही त्याला नवव्या दिवशी.

दोन मोठी नावं गेली म्हणजे रोग गेला, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी इंग्लंडमधल्या २-२ बरोबरीनंतर पेढे वाटले. गिलच्या ७५४ धावा पेढ्यांच्या लायकीच्या होत्याच. मग नोव्हेंबर २०२५, ईडन गार्डन्स, दक्षिण आफ्रिका. पुन्हा आखाडा. लक्ष्य १२४. सायमन हार्मरने दोन्ही डावांत चार-चार घेतले आणि आपण सर्व बाद ९३. आम्हाला अशीच खेळपट्टी हवी होती, असं प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सांगितलं. गुवाहाटीत तर ४०८ धावांनी, धावांच्या हिशेबात आजवरचा सर्वांत मोठा पराभव. रोहित नव्हता, विराट नव्हता. गुवाहाटीच्या प्रेक्षकांनी मग गंभीरच्या नावाने 'हाय हाय' केलं, कारण कुणाच्या तरी नावाने करायला हवंच.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर टाइम्स शील्डवाले गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहावाल्याला दोन कटिंग सांगून म्हणाले, "हार्मरला स्वीप मारायला आपल्याकडे आत्ता एकच माणूस आहे."

"कोण?"

"रोहित. बोलवा त्याला परत."

पाय उशिरा निघतात, त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, "स्वीपला कुठे पाय लागतात!" आणि त्यावर दोन तास भांडण झालं.